‘डोक्याची गोळी’ पायाच्या दुखण्याला का देतात?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्याच्या पानावर परवा एका वाचकानं विचारलं होतं, की मधुमेहामुळे पायांची आग होते म्हणून डॉक्टरांनी ड्युलोक्सेटिन लिहून दिलं, पण ते तर नैराश्यावरचं औषध निघालं, मग घ्यावं की नको? उत्तरात साखर ताब्यात ठेवा, मऊ चपला वापरा आणि ‘दुखण्याकडे फार लक्ष देऊ नका, ते मनाला लावून घेतलं की वाढतं’ असा सल्ला होता. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र दिलंच गेलं नाही. फलटणला माझं औषधांचं दुकान आहे. हा प्रश्न माझ्या काउंटरवर सतत येतो. अर्धवट उत्तरापायी माणसं कशी तळमळत राहतात ते मी रोज बघते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बहुतेक वेळा हा प्रश्न परत आलेल्या स्ट्रिपच्या रूपात येतो. कोपऱ्यातल्या दोन-तीन गोळ्या फोडलेल्या, बाकीच्या तशाच. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक माझे जुने गिऱ्हाईक. साखर बरीच जुनी. रात्री तळव्यांची इतकी आग होते, की ओल्या पंच्यात पाय गुंडाळून बसतात; चादरीचा काठ लागला तरी दचकून उठतात. त्यांना तीस मिलिग्रॅमची ड्युलोक्सेटिन सुरू झाली. आठवडा उलटला नाही तोच मुलगा स्ट्रिप घेऊन दुकानात हजर. मोबाइलवर नाव टाकून बघितलं होतं. ‘ताई, बाबांचे पाय दुखतायत आणि डॉक्टर डोक्याची गोळी देतायत. बाबा काय वेडे झालेत का?’ आवाज चढलेला. बाबा बाहेर गाडीवर मागे बसलेले, मान खाली घालून. दुकानात चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर हे चाललं होतं.

त्या मुलाचा राग मला समजतो. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ओपीडीत साठ माणसं रांगेत असताना डॉक्टरांना वेळ मिळत नाही. कंपनीची माहितीपत्रिका बारीक इंग्रजीत असते, आणि स्ट्रिप कापून दिली की तीही मिळत नाही. मग माणूस मोबाइलला विचारतो, आणि मोबाइल पहिल्याच ओळीत ‘नैराश्य’ म्हणतो.

शाळेत आपण शिकलो ते एवढंच, की काटा टोचला, निरोप नसेतून मज्जारज्जूत गेला, तिथून मेंदूत पोचला आणि दुखलं. ही झाली वर जाणारी वाट. पण मेंदूतून मज्जारज्जूकडे खाली येणारीही एक वाट आहे, आणि वर येणाऱ्या निरोपातला किती पुढे जाऊ द्यायचा हे ती ठरवते. मध्यमेंदूत एका बारीक नलिकेभोवती राखाडी पेशींचा वेढा आहे. त्याला पेरिॲक्विडक्टल ग्रे म्हणतात, थोडक्यात पीएजी. 1969 साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूत या भागात विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि भूल न देता त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली. प्राणी जागे होते, तरी वेदनेनं तडफडले नाहीत. वेदना थांबवणारी यंत्रणा मेंदूत आधीपासूनच होती. विजेनं ती फक्त चालू केली.

पीएजीतून निघालेला हुकूम मेंदूच्या बुंध्यातल्या एका केंद्रात येतो, त्याला आरव्हीएम म्हणतात. इथं दोन प्रकारच्या पेशी एकमेकींच्या शेजारी नांदतात. कॅलिफोर्नियातल्या हॉवर्ड फील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ अशी नावं दिली. उंदराच्या शेपटीला चटका बसतो, तो शेपूट झटकतो. त्याच्या क्षणभर आधी ऑफ पेशी गप्प होतात आणि ऑन पेशी भराभर निरोप धाडायला लागतात. ऑफ पेशी चालू असतील तर मज्जारज्जूतली वेदना दबते, ऑन पेशी जोरात असतील तर वाढते. म्हणजे ही यंत्रणा वेदना कमी करते तशी वाढवतेही. जुनाट दुखण्यात हिचा कल वाढवण्याकडे झुकलेला असतो. जखम भरून येते, तरी दुखणं चालूच राहतं, त्याचं हे एक कारण.

आता त्या गोळीकडे. मेंदूतून खाली येणाऱ्या वाटेवरच्या काही पेशी मज्जारज्जूत नॉरॲड्रेनॅलिन सोडतात, काही सेरोटोनिन. नॉरॲड्रेनॅलिन तिथल्या अल्फा-2 रिसेप्टरना, म्हणजे रसायन चिकटण्याच्या ठरावीक जागांना, जाऊन चिकटलं की वेदनेचा निरोप पुढच्या पेशीकडे जाणं कमी होतं. सेरोटोनिनचं काम दुहेरी आहे. कुठल्या रिसेप्टरवर बसतं त्यानुसार ते वेदना दाबतं किंवा उचलून धरतं. सोडलेलं रसायन पेशी लगेच परत आत ओढून घेते. ड्युलोक्सेटिन आणि नैराश्यावरचीच दुसरी गोळी ॲमिट्रिप्टिलिन हे आत ओढणं अडवतात, त्यामुळे नॉरॲड्रेनॅलिन जास्त वेळ कामावर राहतं. हीच दोन रसायनं मनाच्या उदासीतही गुंतलेली आहेत, म्हणून औषध एक आणि उपयोग दोन. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2004 मध्ये, एकाच वर्षात, ड्युलोक्सेटिनला नैराश्यासाठीही मान्यता दिली आणि मधुमेहातल्या नसांच्या वेदनेसाठीही. ज्यांना नैराश्य अजिबात नाही अशा रुग्णांचंही दुखणं या औषधानं कमी होतं. ॲमिट्रिप्टिलिन वेदनेसाठी बहुधा रात्री दहा किंवा पंचवीस मिलिग्रॅमनं सुरू करतात; नैराश्याला याच्या कितीतरी पट डोस लागतो. दहा मिलिग्रॅम लिहिणारे डॉक्टर तुम्हाला वेडं ठरवत नसतात. तुमच्या नसांची आग खरी आहे असं त्यांनी मानलेलं असतं.

उलट ज्या गोळ्या लोक न विचारता मागतात, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, त्या दुखापतीच्या जागी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स, म्हणजे सूज आणि दुखणं वाढवणारी रसायनं, कमी करतात. मुरगळलेल्या पायाला, दाढेला त्या उपयोगी. नसच बिघडली असेल तिथं त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि महिनोन्महिने घेतल्या तर पोटाला व्रण आणि मूत्रपिंडाला धोका, मधुमेह्याला तर जास्तच. तरी त्या कुणी परत आणून देत नाही, कारण त्यांच्या नावापुढे मोबाइलवर ‘वेदनाशामक’ लिहिलेलं असतं.

हे मी घरातही भोगलं आहे. सासूबाईंना डाव्या बाजूनं, बरगड्यांवरून पाठीपर्यंत नागीण झाली. शेजारच्या बायका गेरू लावायला सांगून गेल्या. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, या भीतीनं त्या स्वतःच पाठ आरशात बघत. फोड सुकले, खपल्या पडल्या, डाग तेवढे राहिले. पण दुखणं गेलं नाही. ब्लाउजची शिवण तिथं घासली की विजेचा झटका बसल्यासारख्या ओरडायच्या. पदर त्या बाजूनं घेता येईना. पंख्याचा वारासुद्धा सोसत नव्हता. उन्हाळ्यात पंखा बंद करून, अंगावर एक जुनं धुऊन मऊ झालेलं पातळ सैल टाकून बसायच्या. एका दवाखान्यात त्यांना सांगितलं गेलं, ‘आजी, आता तिथं काही नाही. वय झालं की असं वाटतं. देवाचं नाव घ्या.’ देवाचं नाव त्या पहाटे चारपासून घेत होत्याच. त्या दिवसानंतर त्यांनी दुखतं म्हणून सांगणंच सोडलं. याचा मला आजही संताप येतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्या अंगातली आग खोटी आहे असं सांगायचं, आणि तिनं ते मान्य करून गप्प बसायचं!

तिथं पुष्कळ काही होतं. नागिणीच्या विषाणूनं नस जखमी केली होती. अशा नसेतून सतत निरोप येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी अतिसंवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही त्या वेदना म्हणून वर पाठवतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 मध्येच हे प्रयोगानं दाखवलं होतं. पुढे पुण्याच्या एका वेदनातज्ज्ञ बाईंनी कागदावर पाठीचा कणा काढून सासूबाईंना हे सगळं मराठीत समजावलं आणि आधी प्रीगॅबालिन, मग रात्री थोडं ॲमिट्रिप्टिलिन दिलं. प्रीगॅबालिन म्हणजे मोबाइलच्या भाषेत ‘फिटची गोळी’. नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरण्याच्या ज्या वाटा असतात, त्यांच्या एका भागाला ती चिकटते, आणि टोकातून बाहेर पडणारं रसायन कमी होतं. दुखणं पूर्ण गेलं नाही. पण काही आठवड्यांनी सासूबाई ब्लाउज घालून मंगळागौरीला गेल्या, आणि त्यांना गुण येतोय याची आमच्या घराला खात्री पटली.

‘मनाला लावून घेतलं की वाढतं’ या वाक्यावरही मला बोलायचं आहे, कारण त्यात सत्याचा एक तुकडा आहे आणि तो चुकीच्या बाजूनं माणसाच्या अंगावर फेकला जातो. आषाढी वारीत माउलींच्या पालखीचा मुक्काम आमच्या फलटणला असतो. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. टाचांना चिरा, बोटांमध्ये फोड, नखं काळीनिळी झालेली. मी विचारते, गोळी देऊ का दुखण्यावर? बरेच जण म्हणतात, ‘नको माउली, पट्टी तेवढी बांधून द्या.’ खोटं बोलत नसतात ते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी लष्करी भूलतज्ज्ञाला हेच दिसलं होतं. गंभीर जखमी जवानांना त्यानं विचारलं, वेदनेवर औषध हवं का? सुमारे तीन चतुर्थांश नको म्हणाले. त्यानं हे 1946 मध्ये लिहून ठेवलं. प्रसंगाचा अर्थ काय लागतो, जीव वाचला की जीवावर बेतलं, यावरून मेंदू ती खाली येणारी वाट कमी-जास्त उघडतो.

ती कशी उघडते हेही आता बरंच कळलं आहे. 1973 मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत मॉर्फिन चिकटण्याच्या जागा, म्हणजे रिसेप्टर, असल्याचं दाखवलं. अफूच्या बोंडातल्या रसासाठी आपल्या मेंदूत जागा कशाला असतील? दोन वर्षांनी, 1975 मध्ये, स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून उत्तर काढलं. मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखं काम करणारी रसायनं बनवतो. अवघ्या पाच अमिनो आम्लांची ती साखळी, एन्केफॅलिन. पीएजीत ती म्यू रिसेप्टरवर, म्हणजे मॉर्फिनच्याच जागेवर, बसली की पेशीच्या आतलं जी-प्रोटीन कामाला लागतं. पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा उघडतात, कॅल्शियम आत येण्याच्या मिटतात, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवणारं एन्झाइम मंदावतं. पेशी शांत होते, तिच्या टोकातून रसायन सुटत नाही. गंमत अशी, की इथं शांत होणाऱ्या पेशी या दुसऱ्यांना दाबून ठेवणाऱ्या गॅबा पेशी असतात. त्या चालकाच्या मुलाला मी असं सांगितलं, की बाबांनी उतारावर ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप चालू लागते ना, तसं. गॅबाचा दाब उठला की पीएजीतून खाली जाणारा हुकूम सुटतो आणि वेदना दबते.

आणि आता या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं. काहींचं दुखणं त्यानंही कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं, जे म्यू रिसेप्टर अडवून मॉर्फिनचा परिणाम पुसून टाकतं. ज्यांना आराम पडला होता त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे ‘औषध मिळालं, आता बरं वाटेल’ या भरवशानं मेंदूनं स्वतःची अफूसारखी रसायनं सोडली होती. तो आराम मनाचा खेळ नव्हता, रेणूंचं काम होतं. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं आपल्याकडे म्हणतात, त्यातला एक भाग असा प्रयोगशाळेत सापडतो.

याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. 2011 मध्ये ऑक्सफर्डला उलरिके बिंगेल, आयरिन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या पायाला चटके देऊन रेमिफेंटॅनिल हे मॉर्फिनच्या जातीचं तीव्र औषध शिरेतून चालू ठेवलं. डोस कायम तोच. औषध चालू आहे असं सांगितल्यावर त्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट झाला. मग ‘आता औषध बंद केलंय, दुखणं वाढेल’ असं सांगितलं. औषध शिरेत वाहतच होतं, पण त्याचा परिणाम नाहीसा झाला. मेंदूच्या चित्रांतही तो फरक दिसला. हे वाचल्यापासून मी काउंटरवर बोलताना फार जपते. ‘ही कशाला दिली, ही तर डोक्याची आहे’ असं एखादा औषधविक्रेता, नातेवाईक किंवा वर्तमानपत्र म्हणतं, तेव्हा गोळीचा अर्धा गुण तिथंच काढून घेतला जातो. आणि ‘तुझं दुखणं मनातलं आहे’ हे ऐकणाऱ्या बाईची वेदना खरोखर वाढू शकते. बायकांनाच हे जास्त ऐकावं लागतं, हे मी दुकानात पाहिलेलं सांगते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यासोबत स्पष्ट लिहिलं, की माणूस दुखतं म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखला पाहिजे.

या गोळ्या रामबाण आहेत असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. नसांच्या वेदनेवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून 2015 मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यानुसार ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधं साधारण चार जणांना दिली तर एकाचं दुखणं औषधामुळे निम्म्यानं कमी होतं. ड्युलोक्सेटिनच्या गटात सहा-सात जणांत एक, प्रीगॅबालिनला जवळपास आठांत एक. म्हणून एकीनं गुण आला नाही तर दुसरी द्यावी लागते, डोस हळूहळू वाढवावा लागतो, आणि परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आठवड्यात काहीच फरक नाही म्हणून स्ट्रिप परत आणणाऱ्यांना हेच माहीत नसतं. सुरुवातीला मळमळ होते, तोंड कोरडं पडतं, झापड येते. काचबिंदू, प्रोस्टेटचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. ट्रामाडोल हे तीव्र वेदनाशामक आणि ड्युलोक्सेटिन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिली असतील तर दोन्ही चिठ्ठ्या औषधविक्रेत्याला दाखवा, ती जोडी धोक्याची ठरू शकते. आणि महिनोन्महिने घेतलेली गोळी मनानं एका रात्रीत बंद करू नका. चक्कर, बेचैनी, डोक्यात झटके आल्यासारखं होतं. ती टप्प्याटप्प्यानं उतरवायची असते.

माझं मागणं साधं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे कारण मराठीत लिहावं: ‘पायांच्या आगीसाठी’, ‘नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी’. दोन-तीन शब्दांचं काम आहे. रुग्णाला आणि त्याच्या मुलाला घरी गेल्यावर तोच कागद उत्तर देईल. आपल्या आरोग्याच्या पानावर त्या वाचकाला नीट उत्तर छापावं, की गोळी नसांच्या वेदनेचीच आहे, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, आणि त्याचं दुखणं खरं आहे. आमच्या दुकानात आम्ही अशा प्रत्येक स्ट्रिपच्या पाकिटावर पेनानं कारण लिहून देतो, आणि परिणाम दिसायला किती आठवडे लागतील तेही. तालुक्यातल्या औषधविक्रेत्यांच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांनीच असं लिहावं हा विषय मी मांडणार आहे; शहरातल्या डॉक्टरांनी त्या बैठकीला यावं अशी त्यांना या पत्रातूनच विनंती करते.

आपली,
एक औषधविक्रेती, फलटण
(गिऱ्हाइकांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)